सहा तारा आणि कलम सतरा

बँकेतल्या माणसाला वस्तूची पारख असते, असा एक समज समाजात आहे. आम्ही तो दूर करण्याच्या भानगडीत पडत नाही. आमच्याविषयी एकंदर जे समज आहेत, त्यांत बरा म्हणावा असा हा एवढाच आहे. वास्तविक आमच्या शाखेत कोणी दागिने तारण ठेवायला आले तर पारख करायला सोनार येतो. घराचे मूल्यांकन इंजिनियर करतो. आम्ही फक्त त्या दोघांच्या सह्या आणि शिक्के जागच्या जागी आहेत ना, ते बघतो. म्हणजे गेली एकवीस वर्षे मी जी काही पारख केली, ती शिक्क्यांची.

तरीसुद्धा आमच्या गिरगावच्या शाखेत दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या एका काकांनी काउंटरवर मलाच विचारले, "साहेब, माळ्यावर एक इलेक्ट्रिकची गिटार पडलीय. माळा मोकळा करायचाय. कुणी घेणारं असलं तर बघा. तुम्हाला वस्तूतलं कळतं." काका चौऱ्याऐंशी वर्षांचे आणि त्यांचे खाते पन्नास वर्षांचे. दर वर्षी आपण जिवंत असल्याचे ते मला लेखी कळवतात आणि मी ते मान्य करतो, एवढा आमचा घरोबा.

मला गिटारीतले काही कळत नव्हते. पण घेणारा मात्र माझ्या घरातच होता.

आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत, बारावीला आहेत आणि हार्ड रॉकचे भक्त आहेत. हार्ड रॉक म्हणजे काय ते मी दीड वर्ष भिंतीपलीकडून ऐकतो आहे. मित्राकडून मागून आणलेल्या साध्या लाकडी गिटारीवर हा प्रकार होत नाही, असे त्याचे म्हणणे. भजन जसे टाळांशिवाय होत नाही, तसे. विजेची गिटार हवी म्हणून त्याने घरात जो प्रचार चालवला होता तो एखाद्या पक्षाला शोभला असता. पहिला मुद्दा पाचगणीचा. 'क्वीन' या जगप्रसिद्ध मंडळींचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बलसारा, आणि तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे त्याने मला ऐकवले. आम्ही पाचगणीला तीनदा गेलो, पण स्ट्रॉबेरी घेऊन परत आलो, हा त्याचा आमच्यावरचा आरोप.

दुसरा मुद्दा त्याच मंडळींतल्या ब्रायन मेचा. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरच्या घरी गिटार बनवायला घेतली. दांडीला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड लावले, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या, आणि तीच गिटार तो जन्मभर वाजवत आला. हे ऐकल्यावर मी आमच्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली. शेकोटी नव्हती. पण देव्हारा सागवानी आहे. तेव्हा जुनी गिटार विकत घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असे माझे मत झाले. गोष्टीचा उरलेला भाग मी स्वतः शोधून काढला. मुलाबरोबर रंधा मारणारे तेच वडील, मुलाने खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट सोडून गिटार धरली तेव्हा मनातून खचले होते. तो प्रबंध पुढे २००७ साली पुरा झाला. बारावीतल्या मुलाच्या बापाने यातून काय बोध घ्यायचा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही डोंबिवलीहून निघालो. चिरंजीवांच्या पाठीवर बॅटरीवर चालणारा, डब्याएवढा ॲम्प्लिफायर होता. तोही उसनाच. गाडीत त्याने मला ताकीद दिली, "बाबा, तिथे गेल्यावर आवडली असं दाखवायचं नाही." घासाघिशीचे हे मूलतत्त्व मी त्याला भाजीबाजारात शिकवले होते. विद्या अशी उलटून येते.

काकांची चाळ जुनी, जिने लाकडी, खोली तिसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यात गवसणी घातलेला मिरजेचा तंबोरा, टेबलावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, आणि पलंगावर ती पेटी. काकांनी धोतराच्या सोग्याने धूळ पुसली आणि झाकण उघडले.

चिरंजीवांनी आवडली असे अजिबात दाखवले नाही. फक्त श्वास घ्यायचे थांबवले.

माझी कल्पना अशी होती की वाद्य तपासायचे म्हणजे वाजवून बघायचे. पण हा गृहस्थ वीस मिनिटे वाजवेचना. आधी गिटार उचलून त्याने वजन पाहिले. चार किलोच्या वर भरेल म्हणाला. जड लाकूड, महॉगनीचे धड आणि वर मेपलची फळी, म्हणजे सूर लवकर मरत नाही. मग सुतार फळीचा बाक बघतो तसा एक डोळा मिटून दांडीवरून पाहिले. पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली आणि मला म्हणाला, "मधे व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच फट पाहिजे." मी खिशातून शाखाधिकाऱ्यांचे कार्ड काढून दिले. सरकले. त्या कार्डाचा असा उपयोग प्रथमच झाला. मग बाराव्या पडद्यावर तार किती वर उचललेली आहे ते पट्टीने मोजले. दोन मिलिमीटरच्या आत. जास्त असती तर बोटे दुखली असती, कमी असती तर तार पडद्यांना घासून करकरली असती. मग एकेका तारेवर एकेक पडदा दाबून करकर कुठे आहे ते ऐकले. बाराव्या पडद्यावर तार दाबून काढलेला सूर आणि तिथेच नुसते बोट टेकवून काढलेला सूर जुळतो का, ते पाहिले. शेवटी गिटार उलटी करून, खुंट्यांचे डोके जिथे दांडीला मागे कलून जुळते ती जागा मोबाइलच्या उजेडात न्याहाळली. या जातीच्या गिटारी पडल्या की तिथेच मोडतात. मोडून चिकटवलेली असली तर तिथे केसाएवढी रेघ दिसते. रेघ नव्हती.

एवढी चौकशी आमच्याकडे गृहकर्जालाही होत नाही.

मग त्याने डोक्याचा आकार पाहिला. उघड्या पुस्तकासारखा. नावावरून बोट फिरवले. "बाबा, जरा गॅलरीत या."

गॅलरीत त्याने मला हळू आवाजात जे सांगितले ते असे. 'लेस पॉल' नावाची अमेरिकन गिटार १९५२ साली निघाली. १९५८ ते १९६० या काळात तिची जी घडण निघाली ती गिऱ्हाइकांना पसंत पडेना. कंपनीने कंटाळून १९६१ साली आकारच बदलून टाकला. आणि काही वर्षांनी लोकांच्या लक्षात आले की मोठ्या आवाजात वाजवायला त्याच्यासारखी दुसरी चीज नाही. दुकानात पडून राहिलेल्या त्या गिटारी आज लाखो डॉलरना जातात. जपान्यांनी सत्तरच्या दशकात तिच्या नकला केल्या, आणि त्या इतक्या हुबेहूब उतरल्या की १९७७ साली अमेरिकेत त्या उघड्या पुस्तकाच्या आकारावरून खटला झाला. तेव्हापासून त्या काळातल्या जपानी नकलांना 'खटल्याच्या गिटारी' म्हणून मान आहे. नकलेवर खटला होणे हीच तिची पदवी.

"ही त्यातली आहे?"

"त्याच काळातली, जपानची. बाबा, पन्नास-साठ हजार. आजोबांना माहीत नाहीये." आणि मग, सतरा वर्षांत पहिल्यांदाच, त्याने माझा हात घट्ट धरला. "तुम्ही फक्त काही बोलू नका ना."

वाचकहो, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. लोक आम्हाला हसतात, पण विजेच्या गिटारीचा एक जन्मदाता लिओ फेंडर हा मूळचा हिशेबनीस होता. मंदीत नोकरी गेली म्हणून त्याने १९३८ साली कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले आणि पुढे जगाला वेड लावणाऱ्या गिटारी बनवल्या. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हा वाजवता न येणाऱ्याने गिटारीविषयी बोलू नये, हे मला मान्य नाही. प्रश्न बोलावे की नाही एवढाच होता.

त्यावर कायदा आम्हाला शिकवलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम सतरा. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे. खाली उदाहरणेसुद्धा दिली आहेत. बाजारभाव बदलल्याची बातमी एका व्यापाऱ्याला आधी कळली, तर ती त्याने दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे असे नाही. हे उदाहरण मला गॅलरीत लख्ख आठवले. वर्गात ते समजत नव्हते. कायदा माझ्या बाजूला, मुलगा माझ्या बाजूला. आणि माझी स्वतःची बाजूही होतीच. नऊ-दहा हजारांत भागले तर बारावीच्या क्लासचा दुसरा हप्ता वेळेवर जाणार होता. शिवाय, काकांना माळाच मोकळा करायचा होता ना? तो होणारच होता. त्यांचे नुकसान ते काय? जे आपल्याकडे आहे हे माणसाला ठाऊकच नाही, ते गेले तर गेले असे म्हणता येईल का? असा एक फार सुंदर विचार माझ्या मनात आला. माणूस वाईट वागायला निघाला की विचार सुंदर येतात.

पण ते दोघेही व्यापारी होते, हे कलम लिहिणाऱ्याने स्पष्ट म्हटले आहे. मी ज्यांच्या खोलीत उभा होतो, त्यांनी मला साहेब म्हणून बोलावले होते, आणि वस्तूतले कळते म्हणून बोलावले होते. गुरांच्या बाजारात दलालाने गप्प राहणे निराळे. सोनाराकडे आपण बांगडी घेऊन गेलो आणि तो सोन्याला पितळ म्हणाला नाही, फक्त गप्प बसला, तर त्याला आपण काय म्हणू? अडचण अशी की सोनार मी नव्हतोच. पारख मुलाची, विश्वास माझ्यावर, आणि फायदा दोघांचा. या तिघांची नोंद कोणत्या खात्यात करायची हे बी.कॉम.ला नव्हते.

आम्ही आत आलो. चिरंजीवांनी वायर जोडली. दोन्ही बटणे फिरवून खरखर येते का ते पाहिले. चाळीतल्या विजेच्या वायरिंगचा गुणगुणाट येतो का, तेही ऐकले. आला नाही, कारण हिच्यात दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप आहेत. दोन वेटोळी एकमेकांच्या उलट बसवली की बाहेरची गुणगुण एकीत अधिक आणि दुसरीत उणे होते आणि बेरीज शून्य येते. सेठ लव्हर नावाच्या इंजिनियरने १९५५ साली हे काढले. जमा-खर्चाचे इतके गोड उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. आवाज फार वाढवून वाजवायचे तर हे लागतेच, नाहीतर सुरांआधी महावितरण ऐकू येते.

आणि मग त्याने ॲम्प्लिफायरची कळ फिरवून हात मारला.

काका दचकले. "अरे, अरे, फाटतोय आवाज! बिघडलंय का?"

"नाही आजोबा. असाच असतो. मुद्दाम."

"मुद्दाम?"

चिरंजीवांनी समजावले. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज त्याच्यात कोंबायचा, म्हणजे लाटेचे शेंडे कापले जातात आणि सूर फाटतो. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. (म्हणजे ओव्हरड्राफ्टच. खात्यात नाही ते काढायचे.) १९६४ साली लंडनच्या एका पोराने, डेव्ह डेव्हिस त्याचे नाव, असा आवाज यावा म्हणून स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला होता. हार्ड रॉकला गिटार चांगली की वाईट हे फाटक्या आवाजातच कळते. चांगली असली तर फाटला तरी सूर सूरच राहतो, वाईट असली तर नुसता चिखल होतो. "आता ऐका, दोन तारा एकदम. कळतायत ना वेगळ्या?"

काका मान तिरकी करून ऐकत होते. पुन्हा वाजव म्हणाले. मग कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "जवारी आहे म्हण की. आम्ही तारेखाली दोरा सरकवतो, त्याशिवाय तंबोरा बोलत नाही. झंकार पाहिजे. नुसती स्वच्छ तार मुकी."

"हो आजोबा! तेच!" चिरंजीवांना जवारी म्हणजे काय ते मुळीच ठाऊक नव्हते.

काका पलंगावर बसले. "माझा धाकटा भाऊ बोटीवर होता. एकोणऐंशी साली कोबेहून आणली त्यानं ही. माझा मुलगा कॉलेजात, पंच्याऐंशीची गोष्ट. या रेडिओच्या मागे वायर खुपसून वाजवायचा. असंच फाटायचं. मला वाटलं, रेडिओ बिघडवला पोरानं. मेकॅनिककडे नेला. त्यानं मागचं भोकच बंद करून दिलं. बारा रुपये घेतले." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "मुलगा काही बोलला नाही मला. पण वाजवणं थांबलं. माझं म्हणणं, त्यानं सांगायचं ना, की मुद्दाम आहे म्हणून?"

मी चिरंजीवांकडे पाहिले नाही. तोही गिटारीकडेच पाहत होता.

"असो," काका म्हणाले. "भावानं अठराशे रुपये दिले होते. मी पाचपट धरली. नऊ हजार. साहेब, तुम्ही जाणकार आहात. भाव चुकत असला तर सांगा. काही बोलला नाहीत तर मी समजेन, रास्त आहे."

कलम सतरा, उदाहरण तिसरे. घोडा विकत घेणारा म्हणतो, तू नाकारले नाहीस तर मी धरून चालेन की घोडा निरोगी आहे. विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणे म्हणजे बोलणेच. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले वाक्य हा माणूस गिरगावात पलंगावर बसून जवळजवळ शब्दशः म्हणाला होता. त्याने कधी कायदा वाचला असेल असे वाटत नाही.

"काका, पन्नास-साठ हजारांना जाईल ही," मी म्हणालो.

खोलीत आवाज फक्त ॲम्प्लिफायरचा. काकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारले, "मग तुम्ही बोललात कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुम्ही तिसरे उदाहरण म्हटलेत म्हणून, असे कसे सांगणार? आणि चौथे म्हटले असते तर बोललो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

काकांनी टोरांटोला व्हिडिओवर मुलाला उठवले. तिकडे सकाळ होती. पडद्यावर अठ्ठावन्न वर्षांचे टक्कल आले आणि गिटार दिसताच नुसते बघत राहिले. "बाबा, ही होती? मला वाटलं तुम्ही तेव्हाच विकलीत." मग पंधरा मिनिटे ते गृहस्थ आणि आमचे चिरंजीव पडदे, तारा आणि पिकअप यांविषयी असे बोलले की काका आणि मी दोन विहिणींसारखे बाजूला बसून राहिलो. शेवटी ते म्हणाले, किंमत बाबा ठरवतील.

त्यानंतर त्या चाळीत जी घासाघीस झाली ती पूर्वी झाली नसेल. काका पंधरावर अडले. मी चाळीस म्हणत होतो. ते म्हणाले, पोराच्या हातात वाजली पाहिजे, दुकानदाराच्या नको. मी म्हणालो, माझ्या झोपेचे काय? ते सोळावर आले, मी अडतीसवर. चिरंजीव माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी विसरणार नाही. सव्वीस हजारांवर सौदा तुटला, म्हणजे मी तिथून खाली आणि ते वर सरकेनात. सणाची उचल काढून मी पैसे भरले. सौ.ने हिशेब दोनदा ऐकला. "नऊ हजाराची वस्तू सव्वीसला आणलीत? आणि घासाघीस करून?" क्लासच्या हप्त्याविषयी ती जे बोलली ते इथे देत नाही. चिरंजीव आठवडाभर माझ्याशी मोजके बोलले. गिटारीशी मात्र भरपूर.

काकांनी एकच अट घातली होती. रेडिओचे ते भोक पुन्हा उघडून द्यायचे आणि एकदा त्यावर वाजवून दाखवायचे, टोरांटोला ऐकू जाईल असे. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही बापलेक रेडिओ कुशीत घेऊन लॅमिंग्टन रोडवर फिरलो. तिसऱ्या दुकानात व्हॉल्व्ह ओळखणारा एक म्हातारा कारागीर भेटला. त्याने रेडिओ लावून पाहिला. स्वच्छ, खणखणीत लागला.

"चांगला चाललाय. करायचं काय?"

"मागून वायर घातली की आवाज फाटला पाहिजे," चिरंजीव म्हणाले.

त्याने चष्म्यावरून आधी मुलाकडे, मग माझ्याकडे पाहिले. "बिघडवायचा?"

"हो," मी म्हणालो. "किती घ्याल?"

"दुरुस्तीचे दोनशे," तो म्हणाला. "बिघडवायचे चारशे होतील."